तक्रारीसाठी या नंबरवर फोन करा

मी बटणांचा साधा फोन बोलतोय, तोही कुलूप लावलेल्या पत्र्याच्या खणातून. शेजारी टाचण्यांची डबी आहे. तिसरा दिवस आहे हा.

दुष्काळाचं वर्ष. गारखेड्यातल्या नव्या इमारतींचे बोअर आटले होते, म्हणून भूजलतज्ज्ञांची परिषद भरली. परिषदेला छापील आचारसंहिता होती. बाईमाणसावर शेरे मारायचे नाहीत, नको तिथे हात लावायचा नाही, आणि असं काही झालंच तर ओळखपत्रामागच्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर माझा! मी केवढा फुगलो होतो.

मला सांभाळायचं कुणी? सचिव उमाताई म्हणाल्या, "एखाद्या बाईकडे द्या." बाकीच्यांनी नानासाहेबांचं नाव घेतलं. ते सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांचे गुरू. जबाबदारी आली की माणसं आधी पांढरे केस शोधतात. मी त्यांच्या कोटाच्या खिशात गेलो.

फुलंब्रीची रत्नमाला धनगराघरची. चाळीस गावांच्या विहिरी पायी हिंडून मोजल्या होत्या तिनं. ती बोलायला उभी राहिली, तेव्हा नानासाहेब माइकवर म्हणाले, "असं देखणं माणूस विहिरीत डोकावलं, तर पाणी आपोआप वर येईल!"

सभागृह हसलं. मला लाज वाटली.

जेवताना त्यांचा हात तिच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

"सर, हात काढा."

"अगं, मुलीसारखी आहेस मला."

ती व्हरांड्यात गेली. क्षणात मी त्यांच्या खिशात जीव तोडून वाजलो. नानासाहेबांनी मला काढलं, आवाज बंद केला, परत खिशात टाकलं. तिनं सात वेळा लावला. नंतरच्या सहाही वेळा मी त्यांच्याच छातीवर नुसता थरथरत होतो. माझ्याइतकं असहाय कुणी नसेल.

संध्याकाळी त्यांनी अहवालात लिहिलं, 'एकही तक्रार नाही', आणि औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या ऑफिसात मला या खणात टाकलं. तेव्हापासून रत्नमाला खोटी ठरली आहे.

आत्ता बाहेर तिचाच आवाज येतोय.

"उमा मॅडम, सात बार लावला. कुनी उचललाच नाय."

"नानासाहेब, तो फोन दाखवा," उमाताई म्हणाल्या.

"तो ना? परिषदेतच हरवला हो. गर्दी केवढी होती."

रत्नमालानं आपला फोन काढला. "व्हय? मंग लावून बघते इथंच."

माझा आवाज अजून बंद आहे. बॅटरीची शेवटची रेघ उरली आहे. पण मी थरथरू शकतो. थरथरतोय. टाचण्यांची डबी खडखडायला लागली, पत्रा वाजायला लागला.

बाहेरची पावलं खणाकडे वळली आहेत.

रत्नमालाताई, एवढ्यात फोन कापू नका.