सरांनी पास केलेला व्हिडिओ

अशी कल्पना करा, की तुमचं वय दहा वर्षं आहे. अकोल्यातल्या एका लहानशा खोलीत, झेंडूच्या टोपल्यांच्या मध्ये तुम्ही उभे आहात. समोर खाटेवर हार विकणाऱ्या सुभद्राकाकू पडल्या आहेत, मानेला जाड पट्टा. भोवती कॉलनीतल्या बायका दाटीवाटीनं उभ्या. आणि तुमचे आजोबा सगळ्यांदेखत म्हणतात, "अबोली, सतरंजीवर आडवी हो. हलासन करून दाखव."

अबोलीचे हे आजोबा म्हणजे देवीदास सर. त्यांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारेना. मग बायका घरोघरी योगाचे व्हिडिओ लावू लागल्या आणि सरांना पुन्हा काम मिळालं. नवा व्हिडिओ आला की आधी त्यांच्या फोनवर यायचा. "सर, हा चालते का?" सर खुर्चीत बसून फोन धरायचे आणि अबोलीला सतरंजीवर उतरवायचे. तिला जमलं की उत्तर जायचं, "चालते. आमच्या अबोलीनं केलं."

आता तुम्हीच सांगा, दहा वर्षांच्या मुलीचं अंग कुठं वाकत नाही? ओली फांदी ती. सरांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. शाळेत हलासन शिकवताना ते खांद्यांखाली चादरीची घडी ठेवायला लावत, पाय झटक्यानं टाकू देत नसत. पण या वेळी आलेल्या व्हिडिओतली बाई घडीबिडी न घेता भराभर पाय मागं टाकत होती, दिसतही होती झोकात, आणि बायका उत्तरासाठी खोळंबल्या होत्या.

"आबाजी, मानेत कळ येऊन राहिली," अबोली तेव्हा म्हणाली होती.

"नाटकं नको करू. तुह्या वयात कसली कळ?"

तिनं आसन पूर्ण केलं. सरांनी 'चालते' म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी फुलं ओवायला बसण्याआधी सुभद्राकाकूंनी तो व्हिडिओ लावला, पाय मागं टाकले, आणि त्यांना उठता आलं नाही.

"अमरावतीच्या डॉक्टरनं सांगतलं, नस दबली," काकू आता खाटेवरून म्हणत होत्या. "उजव्या हातात सुई धरली का पडली, समजतच नाही, सर."

"तुमी झटका मारला असन," सर म्हणाले. "व्हिडिओ चांगला आहे. माह्या पोरीले काय झालं?"

"अन् वजन पाहा न बाप्पा काकूचं," शेजारची प्रतीक्षा म्हणाली. "हत्तीनं झाडावर चढाव काय?"

बायका हसल्या. सर हसले. काकूही हसल्या, हसताना मान हलली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलंच माहं. तुमाले काहून दोष देऊ, सर?"

सरांचं तेवढ्यानं भागलं नाही. उद्यापासून बायकांनी विचारणं सोडलं, तर दिवसभर करायचं काय? म्हणून त्यांनी अबोलीला पुढं ढकललं होतं, हलासन करून दाखव म्हणून.

अबोलीला सगळं कळत होतं. तिनं आसन नीट केलं, की चूक कायमची काकूंची. तुम्हाला वाटतंय, तुम्ही असता तर खरं बोलून मोकळे झाला असता. वाटू द्या. तुमच्याकडं एवढ्या बायका बघत नाहीयेत.

 अबोली आडवी झाली. पाय उचलले, डोक्यामागं नेले, अंगठे फरशीला टेकवले. मानेत कळ उठली.

"वा, वा!" प्रतीक्षा म्हणाली.

काकूंनी डाव्या हातानं खाटेवर थाप दिली. "शाब्बास, माय."

"पाह्यलं सगळ्यायनं?" सर म्हणाले. "ये बेटा, हो सरळ."

अबोली सरळ झाली नाही.

"बस झालं म्हटलं न!"

तिचं तोंड लाल झालं, मग काळपट. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलं. बायकांचं कौतुक थांबलं. सर खाली गुडघ्यांवर बसले आणि तिच्या घोट्यांना धरून पाय वर उचलू लागले.

कळ आता सगळ्यांना दिसत होती; अबोलीनं अंगठे फरशीवर आणखी घट्ट दाबले.