काकासाहेबाची चौकशी

"चौकशीवाला साहेब आधी शेजारी नवाबभाईच्या दुकानात शिरलाय," त्याच्या बायकोनं, रत्नमालेनं दारातूनच सांगितलं, तसा काकासाहेब पुन्हा खुर्चीतून उठला. सकाळपासून त्याला एका जागी बसवत नव्हतं.

शहराबाहेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तो वीजतंत्री होता. आतल्या बंदिस्त विभागात काम करायचा परवाना टिकवायचा तर दर पाच वर्षांनी अशी चौकशी व्हायची. मागच्या दोन्ही वेळा तो निर्धास्त होता. यंदा मात्र फॉर्मातल्या एका प्रश्नाशी तो चार दिवस अडला. दारूच्या व्यसनासाठी उपचार घेतले आहेत का? शेवटी 'नाही' लिहून त्यानं फॉर्म देऊन टाकला.

फुलंब्री रस्त्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात तो चाळीस दिवस राहून आला होता. कचेरीत कावीळ सांगितली होती. त्याआधी हर्सूलच्या नाक्यावर पिऊन पडला, तेव्हा नवाबभाईनंच रिक्षात घालून घरी आणलं होतं.

साहेब आला, अर्धा कप चहा प्यायला. "शेजारी म्हणतात, तुम्ही थेंबालाही शिवत नाही," एवढंच बोलून उठला.

साहेब अंगणाच्या फाटकाशी पोचला तेव्हा काकासाहेब अनवाणीच मागं गेला.

"साहेब, नवाबभाई माझ्यापायी खोटं बोलले. फॉर्मात मी बी खोटं लिहिलं. लई प्यायचो मी. केंद्रात होतो. सतरा महिने झाले, घेतली नाय."

साहेब थबकला. "उपचार घेतल्याचं लिहिलं असतं तर बहुधा निभावलं असतं. लपवलंत, ते जड जाईल."

"व्हय. पण आता सांगितलं नसतं, तर संध्याकाळी पाय गुत्त्याकडंच वळले असते."

पायरीवर बसून साहेबानं जबाब लिहून घेतला.

दुपारी नवाबभाई आला. चेहरा उतरलेला. "मियाँ, मैं तुम्हारे वास्ते झूठ बोला, और तुमने मेरीच जबान काट दी."

"तुमचं नाव त्या कागदात खोट्यापायी नको होतं, भाई."

नवाबभाईनं तोंड फिरवलं. पण तो बसला.

महिन्यानं पत्र आलं. आतल्या विभागाचा परवाना रद्द, वर्षानं फेरविचार. नोकरी राहिली, ती प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेरच्या पंपघरात.

पहिल्याच सकाळी जुन्या सोबत्यांची बस फाटकाशी थांबली. खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काकासाहेब, तुम्ही इथं कसं काय?"

"दारूमुळं," तो म्हणाला.

बस आत गेली, फाटक लागलं. काकासाहेबानं पंपाची मोटार तपासायला पेचकसाचं टोक तिला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि आतला आवाज ऐकत उभा राहिला.