पहिल्या पोर्टचा दोष किती

आक्का दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, जुना व्हिडिओ गेम. मी पंख्याची मोटर सोडवत बसले होते. ती बाजूला सारून टेबलावर जागा केली.

"बाई, याचा पहिला पोर्ट, रिमोटची वायर खोचतो ना तो, चालत नाही," त्या म्हणाल्या. "रिमोटचं बटण दाबलं की कधी लागतं, कधी नाही. दुसरा पोर्ट ठणठणीत आहे."

"पहिल्यावर कोण खेळतं?"

"बारक्या."

हा बारक्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वय वर्षं सदुसष्ट. आमच्या रस्त्यावरचा शिंपी. बाकी सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डोक्यात गुठळी झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय परत आला, बोलणंही परत आलं. आक्का म्हणतात, बोलणं थोडं कमी आलं असतं तरी चाललं असतं. पण अंगठा काही पुरता आला नाही, आणि शिंप्याचा अंगठा गेला म्हणजे कात्रीच गेली.

गेम मास्तरांनी मुलीसाठी घेतला होता. ती आठवडाभरात कंटाळली. हे दोघं भाऊबहीण मात्र तीस वर्षं कंटाळले नाहीत. दुपारचं जेवण झालं की एक तास समोरासमोर विमानं उडवायची, गोळ्या झाडायच्या आणि एकमेकांना शिव्या द्यायच्या, असा त्यांचा नेम. आजारपणात डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो मास्तरांनी कपाटावर भिरकावला. रिमोट तेवढा हातात धरत होते.

"मग आणायला इतके दिवस का लावले?" मी विचारलं.

आक्का स्टुलावर बसल्या. पदराने मान पुसली. "त्याने काय ठरवलंय, ऐका. म्हणतो, दोष पोर्टचा असेल तर मी दुकान उघडतो. दोष अंगठ्याचा असेल तर कात्र्या आणि मशीन देऊन टाकतो. गल्लीच्या टोकाला ती शिंपीण राहते ना, तिला निरोपही धाडलाय. सोमवारी ये आणि घेऊन जा म्हणून."

त्या दिवशी शुक्रवार होता.

"तेव्हा तुम्ही एकच करायचं," आक्का पुढे वाकून म्हणाल्या. "काहीही निघालं तरी सांगायचं, पोर्टच गेलाय. यंत्रावर आळ आला म्हणून यंत्र थोडंच रडणार आहे?"

"आधी उघडून तर बघू," मी म्हणाले.

दुकानातल्या छोट्या टीव्हीला गेम जोडला. अशा दुखण्यात पहिल्यांदा अदलाबदल करून बघायची. मास्तरांचा रिमोट पहिल्या पोर्टला लावून दहा वेळा बटण दाबलं, तर विमानातून पाच गोळ्या सुटल्या. तोच रिमोट दुसऱ्या पोर्टला लावला, दहाच्या दहा. मग आक्कांचा रिमोट पहिल्या पोर्टला लावला, तर चार. म्हणजे रिमोट दोन्ही निर्दोष होते. दोष जागेवरच बसून होता, पहिल्या पोर्टमध्ये.

"बघा!" आक्का टाळी वाजवायच्या बेतात होत्या.

मी स्क्रू काढून वरचं झाकण उचललं आणि पोर्ट नाकाजवळ नेला. तेलाचा वास. साधंसुधं तेल नाही, शिलाई मशीनचं पातळ तेल. पिना त्यात न्हाऊन निघाल्या होत्या आणि त्या ओलीवर सुताचा बारीक भुगा बसून काळा लगदा झाला होता. मला हसू आलं. शिंप्याच्या हातात काहीही अडलं की तो तेलाची कुपी उचलतो. बिजागरी कुरकुरली, तेल. कुलूप अडलं, तेल. बटण लागत नाही, मग त्यालाही तेल.

जुन्या दातांच्या ब्रशला स्पिरिट लावून मी एकेक पिन घासली. लगदा चिंधीवर आला. पुन्हा दहा वेळा दाबून पाहिलं. आता आठ लागल्या. पण वायर जरा हलवली की पुन्हा तीनवर घसरण. मग पोर्टच्या पाठीमागची बाजू भिंगाखाली धरली. पिनेचा पाय जिथे पट्टीला कथलाच्या डाखाने जोडलेला असतो, तिथे एका पायाभोवती केसाएवढा गोल तडा होता. मीटर लावून वायर हलवली तर आवाज येत होता, जात होता.

"आक्का, असा तडा आपोआप पडत नाही. वायर कोणीतरी सारखी ओढतंय. दुसऱ्या पोर्टला तर नखभरही नाही."

आक्कांनी पिशवीच्या बंदाला गाठ मारली, सोडली, परत मारली.

"मीच ओढते," त्या म्हणाल्या. "त्याचा नेम चुकला ना, की चेहरा असा पडतो... बघवत नाही. मग मी पायाच्या बोटात वायर धरून हळूच हिसका देते. पडद्यावर सगळं थिजतं. मी म्हणते, मेला पोर्ट परत हलला."

"आणि त्यांना कळत नाही?"

"छे! त्याला काय कळतंय?"

"मग आनंद करा. मला खोटं सांगायची गरजच उरली नाही. तुम्ही ते खरं करून ठेवलंय."

मी जुना डाख वितळवून काढला आणि नवा दिला. वायर खेचून, पिळून, वाकवून पाहिली. माझ्या अंगठ्याने दहाच्या दहा. पुन्हा दहाच्या दहा.

मला वाटलं होतं आक्कांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा उतरला. "आता त्याचं चुकलं तर कोणाच्या माथी मारू? बाई, थोडा कच्चा ठेवा ना तो डाख. अगदी थोडा."

"आक्का, कच्चा डाख देऊन मी वस्तू परत केली तर उद्या कोणी पंखासुद्धा आणणार नाही. आणि तो कच्चा डाख किती दिवस मास्तरांना सांभाळेल? चला, मीच येते घरी. त्यांच्यासमोर लावून देते."

त्यांचं घर म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोलीतच दुकान. कापायच्या लांब टेबलावर चादर पसरली होती, मशीनला कापडी टोपी घातली होती. भिंतीवर कात्र्या मोठीपासून लहानीपर्यंत टांगल्या होत्या. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर पालथा ठेवून.

"या. निदान झालं वाटतं?" ते म्हणाले. "सांगा, काय सांगायला सांगितलंय ते."

"हा बघा, आल्या आल्या सुरू झाला," आक्का म्हणाल्या.

"तू चहा टाक."

"मला बाहेर घालवायचंय तुला."

"कळतंय तर जा की."

आक्का आत गेल्या. भांडी वाजायला लागली तशी मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज खाली आणला.

"तिच्या पायाचं बोट मला दिसतं. सहा महिने दिसतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला तेवढंच बरं वाटतं. पण मी समजायचं ते समजलो. पोर्ट चांगला असल्याशिवाय माणूस तो चोरून कशाला बिघडवेल? म्हणजे चुकतंय ते सगळं माझं."

त्यांनी डाव्या हाताने टेबलाखालून एक लाकडी फळी काढली. मागच्या बाजूला खडूने रेघा ओढलेल्या होत्या. रोज सकाळी आक्का दूध आणायला गेल्या की ते दहा वेळा बटण दाबत आणि लागले तेवढ्या रेघा ओढत. तीन. तीन. दोन. चार. तीन. शेवटचे आठ दिवस तर तीनच्या वर काही नव्हतं.

"तीन म्हणजे संपलंच ना?" ते म्हणाले. "दहात तीन लागणाऱ्या हाताने कोणाच्या अंगाचं कापड कापू?"

मी पर्समधून ती चिंधी काढली आणि लगदा त्यांच्यापुढे धरला. "हे तेल कोणी घातलं?"

मास्तरांनी वास घेतला. शाळेतल्या मुलासारखी मान खाली घातली. "अडत होतं म्हणून... दोन थेंब."

"किती वेळा दोन थेंब?"

"सारखेच."

"तुम्ही तेल घातलंत, त्यात सूत अडकलं. आक्कांनी वायर ओढली, त्याने डाख तडकला. तुमचा पोर्ट खरोखर बिघडलेला होता, मास्तर. भाऊबहिणीने मिळून बिघडवलात. माझ्या धडधाकट अंगठ्याने दाबून दहातल्या निम्म्याच लागत होत्या."

त्यांनी चिंधी माझ्याकडे परत सरकवली. "तुम्ही तिच्याच पक्षातल्या."

"दुसऱ्या पोर्टला लावून कधी पाहिलंत?"

"तो आक्काचा आहे."

"तीस वर्षांत एकदाही नाही?"

"मधे वाटलं होतं, लावून बघावं." त्यांनी फळी पालथी घातली. "पण तिथेही तेच झालं असतं तर? तेवढं एकच दार राहिलं होतं. ते न उघडलेलं बरं."

मी गेम टीव्हीला जोडला. पहिल्या पोर्टला रिमोट लावून आधी मी दाबलं. दहा. मग रिमोट त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्ही. मी मोजत नाही, तुम्हीच मोजा. आणि काहीही निघालं तरी मी तेच खरं म्हणणार आहे. गोड करून सांगणार नाही."

आक्का चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

मास्तरांनी अंगठा बटणावर ठेवला. तो बटणावर टेकेपर्यंतच बराच वेळ गेला. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्याला अंगठा घसरून बाजूला गेला, विमान गप्प. "एक गेली," ते स्वतःशीच म्हणाले. चौथी सुटली, पाचवी, सहावी. सातव्याला दाब पुरा पडला नाही. आठवी सुटली. नवव्याला बोट नुसतंच वरून फिरलं. दहावी सुटली.

"सात," मास्तर म्हणाले.

"लागल्या?" आक्कांनी दारातून विचारलं.

"तू गप्प बस. दुसऱ्या पोर्टला लावा."

तिथेही सात.

मास्तरांनी खडू उचलला, फळी मांडीवर घेतली आणि हिशेब मांडला. "म्हणजे मला तीन लागत होत्या तेव्हा सात जात होत्या. त्या सातांतल्या तीन अंगठ्याने खाल्ल्या. उरलेल्या चार पोर्टने."

"तेवढंच," मी म्हणाले. "तीन तुमच्या आहेत. त्या मला दुरुस्त करता येत नाहीत. त्यांचं काम त्या रबरी चेंडूकडे."

मास्तर एकदम खुर्चीत वळले. "आक्के, सहा महिने! सहा महिने मी चार गोळ्या फुकट स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलो. तुला कोणी सांगितली होती ही समाजसेवा?"

"आणि तू तेल ओतत होतास ते? पोर्ट आहे तो, कुलूप नाही!"

"तू ओढत होतीस म्हणून अडत होतं!"

"तुझा चेहरा पडत होता म्हणून ओढत होते!"

"पडू दे की पडला तर! माझा चेहरा आहे!"

मी उठून आक्कांच्या हातातले कप घेतले. आक्का पलंगाच्या कडेवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मास्तर उठले, दोन पावलं चालत गेले आणि बहिणीशेजारी बसले. उजवा हात उचलून त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला. तो नीट बसला नाही, घसरला, तसा परत ठेवला.

"रडतेस काय? सात आल्या ना."

"मग सोमवारी तिला येऊ नको म्हणून सांगू?" आक्कांनी नाक ओढत विचारलं.

मास्तरांनी भिंतीवरच्या कात्र्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. शब्दाला पक्का माणूस. दोष पोर्टचा निघाला तर दुकान उघडतो म्हणाले होते. पण त्यांनी मान हलवली.

"सातावर कात्री धरता येत नाही, आक्के. दहातले तीन काप वाकडे गेले तर गिऱ्हाईकाने त्या शर्टात कुठे जायचं?"

"पण पोर्टचा दोष होताच ना! तुझाच शब्द!"

"चार आणे पोर्टचा, तीन आणे माझा. असा मिसळलेला दोष मी धरलाच नव्हता." ते हसले. "मशीन मात्र चालवता येईल. ते पायाचं काम. आणि खडू डाव्या हातानेही चालतो, फळी बघ."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे चहा दे. गार झाला."

चहा पिऊन मी निघाले तेव्हा मास्तरही चपला शोधायला लागले. आक्का मागे येऊ लागल्या तशी त्यांनी हातानेच थांबवलं. आम्ही दोघं गल्लीतून हळूहळू चालत गेलो. उजवा पाय जरा ओढत होते, पण भिंतीचा आधार घेतला नाही. टोकाच्या घरापाशी त्यांनी कडी वाजवली. शिंपीण बाहेर आली. चाळिशीची, गळ्यात टेप लटकलेली. मास्तरांना दारात बघून ती गडबडली.

"मास्तर, तुम्ही कशाला आलात? मी सोमवारी येणारच होते की, सामान न्यायला."

"न्यायला येऊ नका," मास्तर म्हणाले. "कापायला या. मापं मी घेतो, खुणा मी करतो, शिवतोही मीच. फक्त कात्री तुम्ही धरायची."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मास्तरांकडे बोट दाखवलं.

"बरं," ती म्हणाली. "पण किती दिवस, मास्तर?"

त्यांनी उजवा अंगठा वाकवून पाहिला. मनात काहीतरी मोजलं असावं.

"नऊ होईपर्यंत."

"नऊ काय? नऊ महिने?"

"ते तुम्हाला आक्का सांगेल," मास्तर म्हणाले आणि घराकडे वळले. दुपारचा खेळ राहिला होता.