आधी शब्द, मग हात

आमच्या सरावाच्या खोलीत खिडकीलगतच्या खाटेवर आत्या पडून असे. ती रबराची होती. तिचा एक कान चिरला होता, केसांचा टोप केव्हाच हरवला होता आणि डाव्या दंडाची आमच्या आधीच्या तुकड्यांनी सुया टोचून चाळण केली होती. तिला आत्या हे नाव कुणी दिले ते ठाऊक नाही. "इतकं टोचून घेते आणि उलटून एक शब्द बोलत नाही. अशी आत्या भाग्यवंतालाच मिळते," असे माझ्या शेजारच्या बाकावरचा रेडिओ म्हणे. त्याला रेडिओ का म्हणत, हे त्याच्याजवळ क्षणभर बसणाऱ्यालाही कळत असे. मला मांजर म्हणत. मी केव्हा आलो आणि केव्हा गेलो, याचा कुणाला पत्ता लागत नसे.

नर्सिंगच्या त्या शाळेत दोन पायऱ्या होत्या. पहिली खालच्या मजल्यावर, साहाय्यक परिचारकाची. आजाऱ्याला अंथरुणातच अंघोळ घालणे, कुशीवर वळवणे, ताप आणि रक्तदाब पाहणे, भरवणे, पुसणे, उचलणे. ही पायरी नीट चढलेल्यांपैकी काहींना, वॉर्डात काम करता करता, वरच्या मजल्यावरच्या वर्गात घेत. तिथून नोंदणीकृत परिचारक होऊन बाहेर पडता येई. औषधाची सुई आणि आजाऱ्याची जबाबदारी स्वतःच्या हाती घेता येई. वर कुणी जायचे, हे आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम ठरवत.

जिन्याच्या तळाशी उभा राहून मी पुष्कळदा वर पाहत असे. अगदी पहिल्या दिवसांत एका वृद्ध गृहस्थांचे पाय ओल्या फडक्याने पुसत असताना ते माझ्या हातांतच झोपी गेले होते. वेदनेने आठवडाभर डोळा न लागलेला तो माणूस, आणि त्याची ती सैल पडलेली, विश्वासाने जड झालेली टाच. त्या दिवसापासून मला हेच काम हवे होते, आणि पूर्ण हवे होते, अर्धे नव्हे.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मॅडमच्या हातचे एक वाक्य होते. फळा पुसणारा ते सोडून बाकीचे पुसत असे. 'आधी शब्द, मग हात.' आजाऱ्याला स्पर्श करण्यापूर्वी आपण कोण आहोत आणि काय करणार आहोत, ते त्याला सांगायचे. चादर ओढण्यापूर्वी सांगायचे, मनगट धरण्यापूर्वी सांगायचे. वर्गातल्या सगळ्यांना हा नियम सोपा वाटे. मला तो एखाद्या उंच भिंतीसारखा दिसे.

कारण माझ्या घरात माया म्हणजे आवाज न करणे. बाबा एका कारखान्याचे रात्रपाळीचे पहारेकरी होते. ते सकाळी येत, जेवत आणि आतल्या खोलीत झोपत. त्यांचा दिवस मावळे तेव्हा आमचा उगवे. आई भांड्यांखाली फडके अंथरून स्वयंपाक करी. ताईला हसू अनावर झाले की ती उशीत तोंड खुपसे. दाराची कडी कशी सरकवावी म्हणजे ती वाजत नाही, हे मला अक्षरांच्या आधी येत होते. आम्ही तिघे हातांनी, भुवयांनी, ओठांच्या हालचालींनी बोलत असू. बाहेर पडल्यावर माणसे सगळे तोंडाने आणि मोठ्याने सांगतात, हे पाहून मला परदेशात आल्यासारखे वाटे. ताई लग्न होऊन गेली आणि तिचे घर म्हणे दिवसभर गजबजलेले असते. बाबा निवृत्त झाले. तरीही आमच्या घरातला टीव्ही आवाज बंद करूनच चाले.

तेव्हा मी आजाऱ्याजवळ जाई तो बाबांच्या खोलीत जावे तसा. मांजरपावलाने. हात हलके ठेवून. मॅडम लांबून पाहत आणि काही बोलत नसत; त्यांच्या कपाळावरची आठी मात्र मला दिसत असे.

नेत्रवॉर्डात माझी पाळी लागली तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांनी उभा जन्म बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात घालवला होता, म्हणून वॉर्डात सगळे त्यांना घोषणाबाई म्हणत. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याला विसावा मिळावा म्हणून दुसराही बांधून ठेवला होता. मॅडम पायथ्याशी उभ्या होत्या. मी गेलो, पाण्याचे भांडे बाजूच्या टेबलावर अलगद ठेवले आणि नाडी पाहण्यासाठी त्यांचे मनगट हातात घेतले.

त्या किंचाळल्या. हात असा काही झटकला, की भांडे उडाले आणि त्यातले सगळे पाणी मॅडमच्या अंगावर गेले.

"चोर! अहो सिस्टर, बांगड्या काढतोय कुणीतरी!"

"चोर नाही काकू, आमचा मांजर आहे तो," शेजारच्या खाटेजवळून रेडिओ म्हणाला आणि सगळा वॉर्ड हसला.

"मांजर? दवाखान्यात मांजर सोडता? वर ते नाडीही बघतं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले होते. मॅडमनी पदर पिळला आणि मला व्हरांड्यात नेले.

"बोटं बरोबर जागी होती. पकड हलकी होती. भांडंही योग्य ठिकाणी ठेवलं होतंस," त्या म्हणाल्या. "आणि तरी ती बाई घाबरून थरथरत्ये. का?"

मी खाली पाहत राहिलो.

"बघ, आत्ताही तू बोलत नाहीस. अरे, उद्या तुझ्या हातात औषध असेल. समोरच्याला काय टोचतोय, का टोचतोय, हे तू सांगणार नाहीस? तो म्हणेल, 'मला हे चालत नाही,' ते तू ऐकणार कसं? न सांगणाऱ्याला कुणी काही सांगत नाही."

"प्रयत्न करतो, मॅडम."

"आत्ता तुला वर पाठवता येणार नाही. पुढच्या आठवड्यात याच बाईंना पहिल्यांदा खाटेवरून उतरवायचं आहे. ते तू करायचं. मी बघेन. त्यानंतर निवड झालेल्यांची यादी वरिष्ठांकडे जाईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

त्या दुपारी मी सरावाच्या खोलीत आत्यासमोर बसलो. तिथे मला सगळे जमत होते. "आत्या, मी आलोय. आता तुमचा हात धरतो. घाबरू नका, पाणी कोमट आहे. बरं, तुम्हाला कोणती कूस बरी वाटते?" मी बोलत राहिलो; पुढे पुढे तर घरचे, मनातले, जिन्याचे, सगळेच तिला सांगितले.

"आत्याची मजा आहे बुवा," दारातून रेडिओ म्हणाला. "आम्ही वर्षभर शेजारी बसतो, आम्हाला साधं 'हं' मिळत नाही. आम्ही काय घोडं मारलंय?"

"ती जागी होत नाही," माझ्या तोंडून निघून गेले.

त्याने चेष्टा केली नाही. आत येऊन दुसऱ्या स्टुलावर बसला. "म्हणजे तुला लोकांची भीती नाही. लोक जागे होतील, याची भीती आहे," तो म्हणाला.

रविवारी दुपारी बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. डोळे मिटलेले, एक हात छातीवर. रक्तदाबाचा सराव करायचा म्हणून मी शाळेतून यंत्र आणले होते. मी सवयीने दार न वाजवता उघडले, काठाशी बसलो आणि त्यांच्या दंडाभोवती पट्टा गुंडाळू लागलो.

बाबा दचकले. "कोण?"

"मी."

"अरे, मग सांगायचं नाही का? काळजात धस्स झालं."

"तुम्ही झोपला होता."

"झोपलो कुठला? पडलो होतो नुसता." मग छताकडे पाहत ते हळूच हसले. "नोकरीत होतो तेव्हाही निम्मी दुपार अशीच जायची. उजेडात झोप येते होय कुणाला?"

माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. "म्हणजे... तुम्ही जागे असायचात?"

"बहुतेक वेळा."

"मग आम्ही इतकी वर्षं..."

"हो ना. तुम्ही तिघं किती जपायचात. तुझी आई भांड्यांखाली फडकं घालायची, ते मला माहीत होतं. आता उठून कसं सांगणार, की बाई गं, मी जागाच आहे? तिचे सगळे कष्ट पाण्यात गेले असते. पण एक सांगतो. डोळे मिटून पडलो, की घरात कुणी आहे की नाही, तेच कळायचं नाही. रात्री त्या फाटकावर एकटा, दिवसा इथे एकटा. ताई कधीतरी उशीत फुस्सकन हसायची ना, तेवढ्यानं बरं वाटायचं. म्हणायचो, आहेत, घरात आहेत सगळी."

खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन त्यांच्या पायांवर पडला होता. आम्ही त्यांना दिलेली शांतता आणि त्यांच्यापर्यंत पोहोचलेली शांतता या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. घोषणाबाईंचे थरथरणारे मनगट मला पुन्हा माझ्या बोटांत जाणवले.

"बाबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी तुमच्या दंडाला पट्टा बांधतोय. आता हवा भरीन. जरा घट्ट वाटेल."

"बांध."

"दुखलं तर सांगा."

"सांगतो की. तू विचारलंस, तर सांगणारच."

मी हवा भरली, सोडली, कानांत त्यांच्या रक्ताचे ठोके ऐकले आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. तेवढ्यात स्वयंपाकघरात आईच्या हातून झाकणी पडली आणि फरशीवर गरगरत, खणखणत राहिली. आई धावत दारात आली, तोंडावर हात ठेवून.

"पडू दे गं," बाबा म्हणाले. "जागेच आहोत आम्ही."

परीक्षेच्या दिवशी वॉर्डात शिरताना मी मुद्दाम बूट वाजवले. ते फार वाजले नाहीत. पायांना सवय नव्हती. खाटेपासून थोड्या अंतरावर उभा राहिलो. मॅडम भिंतीला टेकून होत्या. जे आधी सुचले तेच मी म्हणालो.

"आत्या, मी आलोय."

घोषणाबाईंनी पट्टी बांधलेला चेहरा वळवला. "आत्या? कुणाची आत्या? माझ्या भावाला तर दोन्ही मुलीच."

रेडिओला खोकल्याची उबळ आली.

"चुकलो, काकू. आमच्या वर्गात एक रबराची बाई आहे. तिच्यावर आम्ही शिकतो. तिला आम्ही आत्या म्हणतो."

"म्हणजे मी रबराची?"

"नाही. ती हात झटकत नाही."

त्या खळखळून हसल्या. "मांजर रे तू! त्या दिवशीचा! वाचा फुटली की तुला. बरं, आज काय बेत?"

"तुम्हाला खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत न्यायचं आहे. आधी मी तुमचा खांदा धरून तुम्हाला बसवतो. धरू?"

"धर. इतक्या अदबीनं नवऱ्यानंही कधी विचारलं नाही."

मी सांगत गेलो आणि माझे हात माझ्या शब्दांच्या मागून चालत गेले. पाय खाली सोडूया. चपला इथे आहेत. जरा वेळ असेच बसा, डोके गरगरले तर सांगा. आता उभे राहायचे. सगळा भार माझ्या हातावर टाका. त्यांची बोटे माझ्या बाहीत रुतली होती. वरवर थट्टा करणाऱ्या या बाई आतून पानासारख्या कापत होत्या, हे त्या बोटांनी मला सांगितले.

अर्ध्या वाटेवर माझे लक्ष मॅडमकडे गेले. त्या टक लावून पाहत होत्या. त्याबरोबर माझे शब्द संपले. मी चालतच होतो, पण मुक्याने. आणि बाई जागच्या जागी थिजल्या.

"गाडी कुठे थांबली?" त्यांचा स्वर थट्टेचा होता, पण बारीक झालेला. "मांजर, आहेस ना?"

आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेले बाबा मला दिसले.

"आहे, काकू. इथेच आहे," मी म्हणालो. "उजव्या हाताला एक रिकामी खाट आहे. ती ओलांडली, की खिडकी. ऊन दिसत नसलं तरी चेहऱ्यावर लागेल. लागलं?"

त्यांनी हनुवटी वर केली. "लागलं."

"आता मागे खुर्ची आहे. पोटरीला काठ लागतोय, तो तिचाच. सावकाश बसा."

त्या बसल्या. एक दीर्घ श्वास घेतला आणि मग साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा, आयुष्यभर घासूनपुसून लखलखीत केलेल्या आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खाटेहून निघालेली गाडी खिडकीला सुखरूप पोहोचली आहे. वाटेत किंचित खोळंबा झाला, त्याबद्दल चालकाला माफी आहे."

टाळ्या वाजल्या. रेडिओने तर शिट्टीही वाजवली आणि मॅडमची नजर पाहताच ती अर्ध्यावर गिळली.

व्हरांड्यात मॅडम माझ्याजवळून जाता जाता थांबल्या. "मधेच अडखळलास."

"हो, मॅडम."

"आणि पुन्हा सुरू केलंस. मी तेच बघत होते." त्या चालू लागल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, "आवाज अजून लहान आहे. सोमवारपासून वरच्या मजल्यावर ये. तिथे तो मोठा करू."

सोमवारी मी तो जिना चढलो. वरचा वर्ग खालच्यासारखाच होता. फक्त पुस्तके जाड, कपाटात औषधांच्या रिकाम्या कुप्या रांगेने, आणि चुकीला जागा फार कमी. पुढे काय काय शिकायचे आहे ते मी वहीत लिहून घेतले. सकाळी खाली वॉर्डात काम, दुपारी वर अभ्यास, आणि तेही वर्षानुवर्षे. मी काही एका दिवसात बोलका झालो नव्हतो. प्रत्येक खाटेजवळ जाताना आजही घशात ती बंद कडी मला लागते, आणि ती सरकवावी लागते. आता मात्र ती वाजेल अशी सरकवतो.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा दार नुसते लोटलेले होते. आतल्या खोलीत दिवा नव्हता. आई बाजारात गेली असावी. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. या घरात शिरताना कुणी कधी काही म्हणत नसे.

"मी आलो!" मी ओरडलो. माझ्या मानाने ते ओरडणेच होते.

अंधारातून खाट करकरली.

"कळलं रे बाबा, कळलं," बाबा म्हणाले. "अख्ख्या गल्लीला कळलं. आता वर काय काय शिकवलं, ते सांग. आणि जरा मोठ्यानं."