बर्फातला बगळा

माझ्या कामाला सासूबाई ‘चिखल चिवडणं’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते तसंच आहे. समुद्राच्या तळातून लांब नळीने काढलेला चिखल मी धुते, चाळते, वाळवते आणि त्यात ज्वालामुखीच्या राखेचे कण शोधते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे काचेचे कण, सुईच्या टोकावर एकेक उचलायचे. मान मोडून येते, डोळ्यांचं मातेरं होतं, आणि घरी आल्यावर कुणी विचारत नाही की आज किती सापडले. नवरा सोडून. तो रोज विचारायचा. म्हणून तर जास्त लागलं.

तो बर्फातला माणूस. संस्था एकच, फक्त जिन्याच्या पलीकडे. बर्फात दर वर्षाचा एक थर बसतो. मोजत खाली गेलं की कुठला थर किती वर्षांपूर्वीचा ते कळतं. माझ्या चिखलाला ती सोय नाही. पण ज्वालामुखी फुटला की त्याची राख बर्फावरही पडते आणि समुद्रातही, आणि प्रत्येक स्फोटाच्या काचेची घडण निराळी असते. तीच राख दोन्हीकडे मिळाली, की बर्फाचं वर्ष चिखलाला लागू झालं. अशा एका थराच्या मागे मी नऊ वर्षं होते. चिखलात तो होता. बर्फात कुणालाच सापडला नव्हता. वरिष्ठ लोक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायला लागले होते.

गेल्या वर्षी मी सगळं गणित पुन्हा मांडलं आणि सकाळच्या चहाला नवऱ्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. बर्फाची पिशवी क्रमांक आठशे बारा. “असेल तर इथेच असेल,” मी म्हटलं. “नसेल तर मी चूक. मग हा थर सोडला.”

पंधरा दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “सापडला गं.” मी सगळ्यांदेखत रडले. त्याने फोटो काढून, मग घासून सपाट करून दिलेल्या कणांची मी रासायनिक तपासणी केली, तर माझ्या चिखलातल्या कणांशी आकडा न् आकडा जुळला. लेख लिहिला; बर्फातल्या कणांचे फोटो त्यानेच परस्पर जोडले. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, “सुनेच्या चिखलाचं सोनं झालं.”

छपाईआधी तपासायला पानं आली त्या दिवशी मी ती डबा खाता खाता चाळत होते. तिसऱ्या पानावर बर्फातल्या कणांचे फोटो. त्यातला चौथा बघितला आणि घास हातातच राहिला.

आता हे सांगायला हवं की मी कणांना नावं ठेवते. इतकी वर्षं तीच ती तोंडं बघितल्यावर माणूस दुसरं काय करणार? फुटकी बशी, नाकतोडा, आत्याबाई. आणि बगळा. लांब वाकडी मान, पोटात हवेचे दोन बुडबुडे, एक मोठा, एक छोटा. तो मला इतका आवडला की मी त्याला तपासणीसाठी घासलंच नाही. वेगळ्या कुपीत ठेवून दिला. नवऱ्याला कौतुकाने दाखवलाही होता. “मला बुवा सगळे सारखेच दिसतात,” तो म्हणाला होता.

चौथ्या फोटोत बगळा होता. उलटा, चोच खाली. खाली लिहिलं होतं: बर्फ, पिशवी आठशे बारा.

मी कपाट उघडलं. कुपी रिकामी होती.

तशीच शीतगृहात गेले. तिथली व्यवस्था एक काका बघतात; बारा महिने कानटोपी, म्हणून त्यांना सगळे कानटोपीकाका म्हणतात. त्यांची एक शिस्त आहे. पिशवीतला बर्फ कापला, की तोंडावर तारीख घातलेली नवी चिकटपट्टी लावायची, जुनी काढायची नाही. काही पिशव्यांवर पट्ट्यांचा जाड थर बसलाय. आठशे बारावर एकच पट्टी होती, बर्फ आला त्या वर्षाची.

“काका, ही कुणीच उघडली नाही?”

“माझ्या हातून नाही. आणि माझ्या हाताशिवाय इथलं काही हलत नाही, पोरी.”

संध्याकाळी नवरा पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मी तो फोटो समोर धरला. “हा बगळा आहे.”

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं.

“तुझ्यासाठीच केलं,” तो म्हणाला. “तिथे काही निघालं नसतं तर तू कोलमडली असतीस. मला बघवलं नसतं.”

“म्हणून पिशवी उघडलीही नाहीस?”

“अगं, इतकी वर्षं कुणाला सापडला नाही. तुला तरी खरंच वाटत होतं का?”

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं. आणि त्यालाही वाटतंय, असं मी नऊ वर्षं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज करून मी आठशे बारातला अर्धा तुकडा मागितला. काकांनी कापला, पट्टी लावली. वितळवला, गाळला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पंचवीस कण होते. अनोळखी तोंडं, एकही माझ्या कुपीतलं नाही. तपासणीत घडण मात्र तीच निघाली. आनंद व्हायला हवा होता, पण झाला संताप.

घरी आल्यावर सांगितलं, “राख आहे तिथे.”

त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे खोटं काहीच नव्हतं! फोटो आणि आकडे बदलू, झालं. कुणाला कळणारही नाही.”

“लेख मागे घेतलाय मी. कारणासकट कळवलंय. पिशवीतला उरलेला अर्धा दुसऱ्या प्रयोगशाळेला जाईल.”

“वेडी आहेस का? म्हणजे थर त्यांच्या नावावर! आपण आता कितीही खरं बोललो तरी कोण ऐकणार?”

“कुणी नाही.”

तो डोकं धरून बसला. माझी नोकरी, तुझी नोकरी, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं.

“वितळवून बघायला मला एक दिवस लागला,” मी म्हटलं. “नऊ वर्षांत तो एक दिवस तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा होतास.”