भिंत गेली, मी उरलो

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. आता मला कुणी उघडत नाही की लावत नाही, कारण ज्या भिंतीत मी होतो ती भिंतच राहिलेली नाही. तरी मी स्वतःला दरवाजाच म्हणवून घेतो. सवय जाता जात नाही.

बैठकीची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये मी उभा होतो. माझ्या बिजागऱ्या कुरकुरत, त्याबद्दल मी पुष्कळ बोलणी खाल्ली. पण आतले बाहेर कधी जाऊ दिले नाही.

या घरातली धाकटी अडखळत बोलते. शब्द ओठांशी येऊन अडतो. शाळेतून आली की ती मला लावून घेई आणि मोठ्याने वाचत बसे. एकेका शब्दापाशी बराच वेळ जाई, पण मला कुठे घाई होती? शब्द शेवटी यायचाच. मग तोच ती हौसेने पुन्हा म्हणायची.

तिचे बाबा माणसांत रमणारे. "घरात चार माणसं आणि चार दिशांना तोंडं! भिंती पाडू या, म्हणजे सगळे एकमेकांसमोर राहू," ते म्हणाले. ओट्यापाशी एकटीने राबून कंटाळलेल्या आईलाही ते पटले. खोटे कशाला बोलू, आईचे भलेच झाले. घरात उजेड आला, गप्पा मारत भाजी चिरता येऊ लागली. पाहुणे वाहवा करत. मला मात्र मागच्या गॅलरीत तिरपे टेकवून ठेवले.

आता धाकटीचे वाचन सगळ्यांच्या कानांवर पडू लागले. ती "पा... पा..." म्हणाली की ओट्यापासून आई म्हणे, "पाखरू!" सोफ्यावरून दादा म्हणे, "पायरी!" बाबा तर वाक्यच पुरे करून टाकत. सगळे मायेनेच करत आणि मायेनेच तिच्या तोंडचा शब्द काढून घेत. हळूहळू ती नुसती मान हलवू लागली. पुढे वाचनही बंद पडले. मला फार वाईट वाटे, पण अडगळीतल्या दरवाजाला कोण विचारतो!

एका संध्याकाळी ती माझ्यामागच्या फटीत शिरली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि वाचू लागली. तेवढ्यात बाबा कपडे वाळत घालायला आले. आवाज ऐकून थबकले.

"आ... आ..."

बाबांच्या ओठांवर शब्द आलाच होता. त्यांनी तो गिळला. हातातल्या ओल्या शर्टाचे पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत राहिले.

"आभाळ," ती म्हणाली. मग पुन्हा, "आभाळ."

बाबांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुताराला बोलावले.

"लावतो की दार," सुतार म्हणाला, "पण लावू कुठं? भिंत कुठंय?"

बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. म्हणून मी अजून गॅलरीतच आहे.

मित्रांनो, माणसे जवळ यावीत म्हणून भिंती खुशाल पाडा. पण त्या भिंतीआड कोण काय जपत होते, ते आधी विचारा. आपल्या माणसाला थोडा आडोसा द्या, थोडा वेळ द्या.

काल बाबा पुन्हा आले. बाजूने नुसते वाकले असते तरी ती दिसली असती. पण त्यांनी माझ्यावर बोटांनी हळूच टकटक केले.

"थां... थां..." आतून आवाज आला. बाबा तोंड मिटून उभे राहिले.

"थांब ना, बाबा. वाचतेय मी."

बाबा थांबले.