ऐंशीव्या पानावरचा मुनीम

दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणारे मेहमूद आणि मदिना हे नवरा-बायको रहस्यकादंबऱ्या दोन टोकांकडून वाचत.

मेहमूद मालगाडीवर गार्ड होता. रीडिंग रूममधून पुस्तक सात दिवसांसाठी मिळे, आणि ड्यूटी लागली की तो दोन-दोन दिवस घरी येत नसे. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने वाट बघायची, हे लग्नानंतर चार महिने चाललं. मग एका सकाळी मेहमूदने चाकूने पुस्तकाची शिवण उसवली, पहिला अर्धा भाग आपल्या पेटीत टाकला आणि दुसरा अर्धा मदिनाला दिला. तो परत आल्यावर अदलाबदल झाली. पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी मदिनाने दाभण आणि दोरा घेऊन दोन्ही भाग पुन्हा शिवले. मूळच्यापेक्षा शिवण पक्की झाली. पुढे रीडिंग रूमचा कारकून मच्छिंद्र फाटकी पुस्तकंसुद्धा तिच्याकडेच पाठवू लागला.

अकरा वर्षं असं वाचल्यामुळे दोघांची मतं कायमची ठरून गेली होती. मेहमूदची मेलेल्या माणसाशी तो जिवंत असताना ओळख झालेली असे, त्यामुळे तो मेलेल्याच्या बाजूचा. मदिनाला पहिल्यांदा भेटे तो खुनी, आणि तोही कबुलीजबाब देताना.

"माणूस वाईट न्हवता हो," ती जेवताना म्हणे.

"गळा आवळला त्यानं म्हातारीचा."

"तुमच्या भागात आवळला आसंल. माझ्या भागात लई पस्तावलाय."

१९६१च्या फेब्रुवारीत मेहमूदला ऑफिसातून पत्र आलं. पॅसेंजर गाडीचा गार्ड म्हणून बढती, बदली सोलापूरला. होकार किंवा नकार आठ दिवसांत लेखी कळवायचा होता. मेहमूदला जायचं होतं. चौदा वर्षं तो ज्वारीची पोती आणि कोळसा यांच्यामागे बसून फिरला होता; आपल्या गाडीत माणसं असावीत असं त्याला वाटे. मदिनाला जायचं नव्हतं. तिची आई सरदारबी शिरूरला घरी एकटी होती, आणि महिन्यातून दोनदा मदिना एसटीने तिच्याकडे जाऊन येई. दोघांनीही हे एकमेकांना सांगितलं नाही. पत्र पाच दिवस फडताळावर पडून राहिलं.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, मेहमूद ड्यूटीवरून आला तो कादंबरीचा पहिला भाग वाचून संपवूनच.

"खुनी मला कळला," तो म्हणाला. "मदिना, आपण आसं करू. मी नाव सांगतो. बरोबर निघालं तर सोलापूर. चुकलं तर दौंड. तुझ्या भागात उत्तर हाय, तूच पंच."

मदिनाने जरा विचार केला. अकरा वर्षांत मेहमूदचा खुनी दोनदाच बरोबर निघाला होता.

"बोला."

"मुनीम."

"कोन मुनीम?"

"कोन म्हंजी? शेटजींचा मुनीम. बंद वखारीत शेटजी मरून पडल्यात, किल्ली मुनीमाकडं."

"माझ्या भागात मुनीम न्हाई," मदिना म्हणाली. "शेटजी बी न्हाई. माझ्यात गाण्याचे मास्तर मेलेत, इषानं. आन् मारलंय मालतीबाईनं. तिला चार वर्षांचं पोर हाय."

"माझ्या भागात मालतीबाई न्हाईच."

"येईल की मागनं."

"पोर घेऊन? ऐंशी पानं झाली. माझ्यात सगळी बिनलग्नाची हायत."

"मग उरका म्हनावं लवकर."

मेहमूद हसला नाही. त्याने जेवण बाजूला सारलं.

"तुला जायाचं न्हाई सोलापूरला. म्हनून मुनीम न्हाई म्हनतीस."

मदिना उठली, आतून आपला भाग आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याने आपला भाग पेटीतून काढून तिला दिला. दोघं पाठीला पाठ लावून वाचत बसली. मेहमूदच्या भागातल्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "दार उघडले. मुनीमजी आत आले आणि". मदिनाच्या भागातली पहिली ओळ होती, "नदीच्या पात्रात उतरले."

"वखारीच्या मागं नदी आसंल," मेहमूद म्हणाला.

"आत आल्यात वो ते. आत यीऊन नदीत कसं उतरतील?"

मेहमूदने थोडा वेळ वखारीच्या आत नदी बसवून पाहिली. जमलं नाही.

चूक मदिनालाच सापडली. जानेवारीत मच्छिंद्रने शिवायला पाठवलेल्या पुस्तकांत याच लेखकाच्या दोन कादंबऱ्या होत्या. प्रेस एक, गुप्तहेर एक, पानं दोन्हींची एकशे साठ. दोन्ही ऐंशीव्या पानाशी सुटलेल्या. शिवायला आलेलं पुस्तक ती वाचत नसे, फक्त पानांचे आकडे जुळवी. आकडे बरोबर जुळले होते; मागचे अर्धे भाग मात्र एकमेकांच्या पुस्तकात गेले होते. खरं उत्तर आता दुसऱ्या पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक तिच्या भावाने, शिरूरला दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या आणि राहायलाही तिथेच असलेल्या इनुसने, तिथल्या बापूसाहेबांना कावीळ झाली होती तेव्हा मच्छिंद्रला सांगून वाचायला नेऊन दिलं होतं.

आठवा दिवस रविवार, म्हणून पत्राचं उत्तर सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी सकाळी दोघं निघाली आणि चौफुल्याला एसटी बदलून दुपारी शिरूरला पोचली. मदिनाने मुनीमाचा भाग पिशवीत घेतला होता.

बापूसाहेब एका सहकारी सोसायटीचे चेअरमन होते. कावीळ उतरली होती; ते सोसायटीच्या ऑफिसात लोडाला टेकून बसले होते, आणि कमिटीचे सहा जण भोवती होते. पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं.

"कल्हईवाल्या सुभानची लेक ना तू? ये पोरी. बसा गार्डसाहेब. पुस्तकासाठी आलाय? न्हाई मिळायचं. अख्ख्या कमिटीनं वाचलंय. आसं पुस्तक जन्मात वाचलं न्हाई."

"त्ये चुकीचं शिवलंय, बापूसाहेब," मदिना म्हणाली. "माझी चूक हाय. म्होरला भाग एकाचा, मागला दुसऱ्याचा."

"चूक कसली? ऐंशी पानं मुनीमाचा पत्ता न्हाई, आन् एक्क्याऐंशीव्या पानावर मुनीम! खुनी आसा पायजे. आधी दिसला की आमचा जयसिंग लगीच वळकतो."

जयसिंग नावाच्या तरुण सभासदाने मान हलवली. "ह्यो न्हाई वळकला मला."

मेहमूद पुढे सरकला. "म्हंजी मुनीमच खुनी?"

"मुनीमच. गाण्याच्या मास्तराला इष घातलं त्यानं."

"मास्तराला न्हाई, शेटजींना मारलं! वखारीत."

"ह्या पुस्तकात शेटजींचं मढंच न्हाई, गार्डसाहेब. मढं मास्तराचं हाय, कबुली मुनीमाची. दोन्ही समोर आसल्यावर तिसरं कुठनं आणायचं?"

"मागल्या भागात शेटजींचं नाव येत आसंल की!"

"येतंय," बापूसाहेब म्हणाले. "आम्ही इचार केला त्यावर. मास्तरांना घरी शेटजी म्हनत आसतील. तसा ठराव झालाय. आनंदराव, वाचा."

आनंदराव सेक्रेटरी होते. त्यांनी सभेचं प्रोसिडिंग बुक उघडलं आणि वाचलं की, कादंबरीतील मयत इसम हे गाण्याचे मास्तर असून त्यांचा खून मुनीम यांनी केला, असे सर्वानुमते ठरले. सूचक जयसिंग.

मेहमूदने मग पैजेची सगळी हकिकत सांगितली. पत्र, सोलापूर, दौंड, सोमवार. कमिटीने ती लक्ष देऊन ऐकली. असे विषय त्यांच्यापुढे कमी येत.

"म्हंजी तुम्ही म्हनता मुनीमानं शेटजींना मारलं," बापूसाहेब म्हणाले. "आन् ठरावाप्रमानं त्यानं मारलं मास्तराला. म्हंजी तुमचं उत्तर चुकलं. गार्डसाहेबांनी दौंडलाच ऱ्हावं म्हननारे हात वर करा."

सात हात वर झाले.

मदिनाला हेच हवं होतं. तिने मेहमूदकडे पाहिलं. तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आनंदराव लिहायला लागले होते.

"थांबा," ती म्हणाली. "पुस्तक द्या इकडं."

"पोरी, ठराव झाला."

"शिवण माझी हाय, बापूसाहेब. ठराव तुमचा आसंल."

तिने पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचललं आणि एक्क्याऐंशीवं पान उघडलं. पिशवीतून मुनीमाचा भाग काढून त्याचं शेवटचं पान शेजारी धरलं.

"आनंदराव, मोठ्यानं वाचा. हितनं, आन् मग हितनं."

आनंदरावांनी चष्मा नीट केला. "दार उघडले. मुनीमजी आत आले आणि गादीवर बसून पान लावू लागले. 'शेटजींना मीच मारले,' ते शांतपणे म्हणाले."

कमिटीतले दोघे-तिघे पुढे वाकले.

"आता तुमच्यातलं ऐंशीवं वाचा."

"डॉक्टरांनी घोडा भरधाव सोडला आणि," आनंदरावांनी वाचलं आणि थांबले, "गादीवर बसून पान लावू लागले."

"घोड्यावर गादी आसतीच," जयसिंग म्हणाला.

"भरधाव घोड्यावर पान लावून दाखव," मदिना म्हणाली. "मुनीमानं शेटजींना मारलं. ह्यांनी बरोबर वळकलं. आम्ही सोलापूरला चाललो."

बापूसाहेबांनी दोन्ही पानं हातात घेऊन स्वतः वाचली, दोनदा. मग पुस्तक पुन्हा मांडीवर ठेवलं. "तुझं खरं हाय पोरी. पर झालेला ठराव फिरवायचा म्हंजी सात दिवसांची नोटीस लागती. तोवर आमच्यात मास्तरच मेलेत."

दोघं बाहेर आली. एसटी स्टँड डाव्या हाताला होतं, सरदारबीचं घर उजव्या. मदिना उजवीकडे वळली.

"मी तुला खोटी म्हनलो," तो म्हणाला.

"व्हय, म्हनला."

"तू गप्प बसली आसतीस तर दौंडलाच ऱ्हायलो आसतो."

"मला ठावं हाय. पंच मला केलं व्हतं, त्या सात जनांना न्हाई." ती चालत राहिली. "अम्माला तुम्ही सांगा. मला जमायचं न्हाई."

सरदारबी ओट्यावर बसून डाळ निवडत होती. मेहमूदने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं: बढती, पॅसेंजर गाडी, सोलापूर, पुढच्या महिन्यात. सरदारबीने हातातला खडा बाजूला टाकला.

"सोलापूरची गाडी दौंडला थांबती का?"

"सगळ्या थांबत्यात, अम्मा. इंजिनाला पानी घ्यावं लागतं."

"मग दौंडास्नं एसटी हायच की. ही रडती कशापायी?"

मदिना तोवर रडत नव्हती.